ओट्याच्या ग्रॅनाइटचं कोटेशन घेताना

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी तीन मिस्त्रींना विचारलं की तीन वेगळे आकडे येतात आणि त्यांची तुलनाच होत नाही. एक रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर बोलतो, दुसरा स्क्वेअर फुटावर, तिसरा 'सगळं मिळून' सांगतो. म्हणून आधी आपला कागद तयार ठेवा आणि तोच तिघांना द्या.

१. माप स्वतः घ्या. एल आकाराच्या ओट्यात कोपरा हमखास दोनदा मोजला जातो. भिंतींकडून ८ आणि ६ फूट, रुंदी २ फूट असेल तर क्षेत्रफळ २४ स्क्वेअर फूट. कोपरा दोनदा धरला तर २८. चार फुटांचे पैसे उगाच जातात.

२. दगडाचं नाव आणि जाडी लिहा. नुसतं 'काळा ग्रॅनाइट' पुरत नाही.

३. दगड आणि मजुरी वेगळी लिहून मागा. मजुरीत सिंक नि शेगडीचं कटिंग, पुढच्या कडेचं मोल्डिंग (कड घासून आकार देणं), भिंतीलगतची पट्टी, वाहतूक, वर चढवण्याची हमाली आणि जुना ओटा फोडून राडारोडा नेणं येतं का, हे एकेक विचारा. भाव फुगतो तो इथेच.

४. वाया जाणारा तुकडा कोणाच्या हिशेबात, तेही ठरवा. पैसे आपण देणार असू तर तुकडा आपला. खिडकीच्या चौकटीला किंवा उंबऱ्याला कामी येतो.

सगळे पैसे आधी देऊ नका. सिंकच्या कडेने पाणी ओतून बघा, खाली झिरपत नाही याची खात्री झाली की मगच शेवटचा हप्ता द्या.