लघु युद्धकथेतील उत्कंठा: कुठे थांबावे, कुठे धावावे

नव्याने युद्धकथा लिहू लागलेल्यांची हस्तलिखिते मी बऱ्याच काळापासून वाचत आलो आहे आणि त्यांपैकी बहुतेकांत लेखकाचा सारा जोर गोळीबाराच्या वर्णनावर खर्ची पडलेला दिसतो. वास्तविक उत्कंठा गोळी सुटण्यापूर्वीच्या काळात असते. म्हणून काय घडू शकते याची चाहूल वाचकाला कधी लागते आणि ते प्रत्यक्षात कधी घडते, हे दोन क्षण मी आधी शोधतो. त्यांच्यामधले अंतर किती ठेवावे, हा युद्धकथेतील सर्वांत अवघड निर्णय असतो.

पहिल्या महायुद्धात, 1 जुलै 1916 रोजी, फ्रान्समधील सॉमच्या लढाईत ब्रिटिश पायदळाची चढाई सकाळी 7:30 वाजता सुरू व्हायची होती. हॉथॉर्न रिज या टेकडीवरील जर्मन ठाण्याखाली पेरलेला सुरुंग मात्र 7:20 लाच उडवण्यात आला आणि त्यामुळे जर्मन सैनिकांना सावध होऊन मोर्चे धरण्यास अवधी मिळाला. कथाकाराने हात घालावा तो या दहा मिनिटांना. समोरचा शत्रू जागा झाला आहे हे वाचकाला ठाऊक असेल आणि खंदकात चढाईच्या शिट्टीची वाट पाहणाऱ्या सैनिकाला नसेल, तर तो नुसती बुटाची नाडी आवळत असला तरी वाचकाचा श्वास अडकतो. चढाईला एक परिच्छेद पुरतो. या प्रतीक्षेला दोन पाने दिली तरी चालतील, फक्त ती भीतीच्या स्वगतांनी भरू नयेत. सैनिकाच्या हातांना संगीन बसवण्याचे किंवा घड्याळ जुळवण्याचे काम दिले की ताण आपोआप टिकतो.

थरारक प्रसंगी छोटीच वाक्ये लिहावीत, हा सल्ला मला अर्धवट वाटतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने लांब वाक्यात निकाल अखेरपर्यंत रोखून धरता येतो: ‘काटेरी तारेखालून सरकताना पिशवी अडकली तेव्हा, समोरच्या पहारेकऱ्याने मान वळवली की काय हे पाहण्यासाठी, त्याने हनुवटी जमिनीवरून इंचभर उचलली. पहारेकरी जागेवर नव्हता.’ येथे दुसरे वाक्य बोचते ते पहिले लांबल्यामुळेच. पानभर तुटक वाक्ये असती, तर ते त्यांच्यातच हरवले असते.

शस्त्रांनाही स्वतःची वेळ असते आणि ती जाणून घेतली की कृत्रिम विलंब रचावा लागत नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. त्यामुळे किलोमीटरभर अंतरावरील तोफेचा लखलखाट दिसल्यावर तिचा आवाज येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात. ब्रिटिशांच्या मिल्स हातबॉम्बचा फ्यूज, म्हणजे पेटल्यापासून स्फोटापर्यंतचा अवधी, एकेकाळी 7 सेकंदांचा होता आणि दुसऱ्या महायुद्धात तो 4 सेकंदांवर आणला गेला. सात सेकंदांत पायाशी पडलेला बॉम्ब उचलून परत फेकण्याचा विचार मनात येऊ शकतो, चार सेकंदांत तो विचारही पुरा होत नाही. कथा कोणत्या काळात घडते, यावर असा प्रसंग किती ओळींचा असावा हे ठरते.

स्फोटानंतर मात्र रेंगाळू नये. परिणाम कळण्यापुरत्या चार-पाच ओळी लिहून थांबावे आणि पुनर्लेखनात त्यांपैकी दोन कापता येतात का, ते पाहावे.