रशियन भाषेतील मऊ व्यंजने : ध्वनिभेद कसा ओळखावा आणि त्याचा माग कसा काढावा

ठाणे किंवा नवी मुंबईतून वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या विद्यार्थ्यांना तेथील 'मऊ' व्यंजने सर्वांत आधी अडवतात. ही व्यंजने उच्चारतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचललेला असतो. आपल्या शालेय व्याकरणातील कठोर-मृदू व्यंजनांशी त्यांची गल्लत करू नये. म्हणूनच येथे मी 'साधे' आणि 'मऊ' हे शब्द वापरतो. ठाण्यातला ठ आणि थाळीतला थ आपल्याला जितके निराळे वाटतात, तितकीच ही दोन व्यंजने रशियन माणसाला निराळी वाटतात.

आरंभ मराठीपासून करावा. 'आमचा' आणि 'आमची' हे शब्द सावकाश म्हणून पाहावेत. पहिल्यात जीभ दातांमागे टेकते, दुसऱ्यात पुढच्या ई-मुळे ती टाळूकडे सरकते. कोणता च यायचा हे येथे स्वर ठरवतो, त्यामुळे केवळ त्या फरकाने अर्थ बदलत नाही. आता 'चार गुरे' आणि 'गुरे चार' असे म्हणावे. दोन्हीकडे पुढे आ-च असूनही च वेगळा आहे आणि अर्थही वेगळा आहे. जुन्या मराठीत हा आकडा 'च्यारि' असा आढळतो; त्यातला य झिजला, पण त्याने च-ला दिलेले तालव्यपण मागे राहिले. ज्या शेजाऱ्यामुळे उच्चार बदलला तो नाहीसा व्हावा आणि बदल मात्र व्यंजनाच्या पदरी राहावा, ही ध्वनिभेद जन्मण्याची एक प्रमुख रीत आहे.

रशियनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिच्या पूर्वरूपात इ आणि उ यांच्या जवळचे दोन अतिऱ्हस्व स्वर होते, आणि साधारण 11 व्या ते 13 व्या शतकांत ते शब्दान्ती लोपले. त्यामुळे 'खडू' या अर्थाचा 'मेल' साध्या ल-वर संपू लागला, तर 'उथळ जागा' या अर्थाचा 'मेल' मऊ ल-वर. लोपलेल्या इ-सारख्या स्वराचे अक्षर आजही मऊपणाची खूण म्हणून लिहिले जाते.

सरावासाठी 'मात' घ्यावा : साध्या त-ने बुद्धिबळातली मात, मऊ त-ने आई. दोन्ही उच्चारांचे ध्वनिमुद्रण घरच्या कोणाला तरी उलटसुलट क्रमाने वीस वेळा वाजवायला सांगावे आणि आपले उत्तर दर वेळी लिहून ठेवावे. दहाच्या आसपास उत्तरे बरोबर आली, तर आपण अंदाज बांधत आहोत असे समजावे आणि लक्ष व्यंजनावरून त्याआधीच्या आ-वर न्यावे, कारण मऊ त-च्या आधी तो आ शेवटी इ-कडे झुकतो. लोकलच्या खडखडाटात ही बारीक खूण बुडते, म्हणून हा सराव घरीच करावा. बोलताना मऊ व्यंजनापुढे निराळा य जोडण्याची आपली सवय मात्र निश्चयाने मोडावी लागते : मऊ ल-चा 'पल्योत' म्हणजे उड्डाण, आणि त्याच ल-नंतर सुटा य उच्चारला की 'ओतेल' असा अर्थ होतो.

भेद टिकतो कसा, हे पाहण्यासाठी शब्दाची रूपे चालवावीत. शब्दान्ती रशियन ग-चा क होतो, म्हणून कुरण आणि कांदा हे दोन्ही शब्द कानाला 'लूक' असेच येतात. षष्ठीत मात्र 'लूगा' आणि 'लूका' अशी रूपे होतात, आणि मूळ व्यंजन पुन्हा ऐकू येते. मऊपणा असा शब्दान्ती पुसला जात नाही, म्हणून 'मात' ऐकताना पुढच्या रूपाची वाट पाहावी लागत नाही.