थीम पार्कची सहल: घरून निघण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

नवरात्र संपली की बडोद्यातल्या मराठी घरांत दोनच विषय असतात, फराळ आणि दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं. गुजरातच्या शाळांना दिवाळीची 21 दिवसांची सुट्टी मिळते, पुण्या-मुंबईला कुणी ना कुणी नात्यातलं असतंच, आणि खोपोलीचं इमॅजिका हे थीम पार्क त्या दोन्ही शहरांच्या मधेच पडतं. त्यामुळे मुलांचा हट्ट बरेचदा तिथंच येऊन थांबतो.

हा हट्ट जरूर पुरवावा. आई-बाबा, आजी-आजोबा, काका-काकू सगळे दिवसभर फक्त मुलांसोबत आहेत, असे दिवस वर्षात किती येतात? पण अशा सहलींचा विचका होतो तो बहुतेक वेळा पार्कात नव्हे, निघण्याआधीच्या पंधरा-वीस दिवसांत. मुलांचा उत्साह वाढवायला आपण जे बोलतो, जे दाखवतो, त्यातच पुढच्या रडारडीची तयारी होऊन बसलेली असते.

एकाच मोठ्या राइडचं वचन देणं

सगळ्यात जास्त नडणारी चूक हीच. जेवता जेवता बाबा बोलून जातात, "यंदा तुला निट्रोत बसवतोच!" झालं. त्या क्षणापासून मुलाच्या लेखी सहल म्हणजे निट्रो. शाळेत सांगून होतं, वाड्यात सांगून होतं, मामाला फोनवर सांगून होतं. मग तिथं रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते, मुलगा तिच्यापेक्षा दोन बोटं खाली भरतो, आणि दिवस तिथंच संपतो. पुढे वीस राइड्स बाकी असल्या तरी त्याला त्या दिसत नाहीत.

इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं आणि निट्रो हे तिथलं मोठं रोलर कोस्टर. त्याच्या डब्याला पायाखाली फळीच नाही, पाय मोकळे लोंबतात आणि गाडी उलटीसुलटी फिरते. अशा राइडवर माणसाला धरून ठेवतो तो खांद्यांवरून छातीवर येणारा पट्टा. तो ठरावीक मापाच्या शरीरावरच घट्ट बसतो. अंग लहान असेल तर मधे फट राहते. उंचीचा नियम या फटीसाठी आहे. मुलगा किती धीट आहे किंवा किती वर्षांचा आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच पट्टीजवळच्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणं, बुटात कागद भरून उंची वाढवणं, "आम्ही इतक्या लांबून बडोद्याहून आलोय" म्हणून गळ घालणं, हे कृपा करून करू नका. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच शहरात, हरणी तलावात, शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बहुतेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेटच नव्हतं. त्यानंतर तरी सुरक्षेचा नियम मोडून मुलाला खूश करावं असं बडोद्यातल्या कुठल्याच घरात कुणाला वाटू नये.

उपाय अगदी साधा आहे. वचन देण्याआधी मोजा. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला मुलाला अनवाणी उभं करा, डोक्यावर वही आडवी ठेवा, पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडला लागणारी किमान उंची दिलेली असते. तीही त्याच चौकटीवर वेगळ्या रंगाच्या खडूने आखा. मुलाला स्वतःच दिसतं की आपण कुठल्या रेघेच्या वर आहोत आणि कुठल्या रेघेच्या खाली.

"बाबा, निट्रोला पोचलो का मी?"

"अजून नाही रे. पण ही खालची निळी रेघ ओलांडलीस की. या सगळ्या राइड्स तुझ्या."

निराशा व्हायचीच असेल तर ती घरी होऊ दे, आईच्या कुशीत, निघायला पंधरा दिवस असताना. तोवर ती विरून जाते आणि ज्या राइड्स मिळणार आहेत त्यांच्याभोवती नवा उत्साह जमतो.

सगळं आधीच मोबाइलवर दाखवून टाकणं

उत्साह वाढावा म्हणून यूट्यूबवर एकेका राइडचा पुढच्या सीटवरून घेतलेला व्हिडिओ लावला जातो. मूल तो दहा-दहादा बघतं. प्रत्यक्ष बसायची वेळ येते तेव्हा वळण कुठं, अंधार कुठं, पाणी कुठं उडणार, सगळं पाठ झालेलं असतं. शिवाय जरा भित्र्या स्वभावाचं मूल व्हिडिओ बघून घरीच ठरवून टाकतं की मी बसणार नाही. अंधाराची खरोखर भीती असेल तर मात्र अंधारातल्या राइडचा एक व्हिडिओ दिवसाउजेडी, मांडीवर बसवून जरूर दाखवा. इमॅजिकातल्या डीप स्पेस किंवा सलीमगढ या राइड्स आतून काळोख्या आहेत, हे त्याला आधी कळलेलं बरं. बाकीचं झाकलेलंच राहू द्या.

मग उत्साह वाढवायचा कशाने? गोष्टीने. आणि याबाबतीत बडोदेकर फार भाग्यवान आहेत.

इमॅजिकात राजासॉरस नावाची होडीतली राइड आहे. होडी पाण्यातून जाते आणि डायनोसॉर अंगावर येतात. हा राजासॉरस कल्पनेतला प्राणी नाही. तो खरा, आणि तो आपल्याच बाजूचा. बालासिनोरजवळच्या रैयोली गावात 1980च्या दशकात भूवैज्ञानिकांना त्याची हाडं मिळाली आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव ठेवलं. डोक्यावर बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपेक्षाही आधी नर्मदेच्या खोऱ्यात हिंडत होता. रैयोलीला डायनोसॉरच्या अंड्यांचेही जीवाश्म सापडले आहेत आणि 2019 पासून तिथं संग्रहालय आहे. बडोद्याहून सकाळी निघालं की संध्याकाळी आरामात घरी परत येता येतं.

सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी एक रविवार त्याला द्या. मुलाला खडकात रुतलेलं अंडं दाखवा. आपल्या तळहातापेक्षा ते केवढं मोठं आहे ते त्याला बघू द्या, तिथल्या माणसाला प्रश्न विचारू द्या. मग खोपोलीत होडीत बसलेलं मूल नुसतं किंचाळणार नाही. शेजारच्या अनोळखी काकांनाही ते सांगेल, "हा आमच्या गुजरातचा आहे!" राइड काही मिनिटांत संपते. ही ओळख घरी परतल्यावरही टिकते.

शहराबाहेर जाणं जमत नसेल तर लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियमला जा. राजघराण्यातल्या मुलांसाठी या आवारात छोटी आगगाडी धावत असे, तिचं इंजिन म्युझियमच्या दाराशी ठेवलेलं आहे. मुलांच्या मौजेसाठी मोठ्या माणसांनी केवढा खटाटोप केला, हे बघून मुलांना भारी गंमत वाटते.

फार आधी सांगणं किंवा अगदीच न सांगणं

चार-पाच वर्षांच्या मुलाला महिनाभर आधी सांगितलं तर रोज सकाळी "आज जायचं?" ऐकून घर हैराण होतं. त्याला आठवडाभर पुरे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र महिनाभर वाट बघण्याचाच आनंद असतो. स्टेशनवर नेऊन मग सांगायचं, हा प्रकार काही घरांत आवडीने करतात. मला तो पटत नाही. वाट बघण्याचे दिवस हा सहलीचा निम्मा आनंद आहे, तो मुलांकडून का काढून घ्यायचा?

लहान मुलं दिवस झोपांनी मोजतात. गणपतीच्या आराशीतून उरलेला रंगीत कागद प्रत्येक घरात असतोच. त्याच्या कड्या करून साखळी ओवा, जितक्या झोपा तितक्या कड्या. रोज रात्री एक कडी मुलाने स्वतः फाडायची. प्रत्येक कडीच्या आत एखादं काम लिहा: आज टोपी शोधायची, आज आजीचा चष्मा कुठल्या पिशवीत ठेवायचा ते ठरवायचं, आज आत्याला फोन करून येतोय म्हणून सांगायचं. तयारीला मुलाचे हात लागले की सहल त्याची होते.

तिकिटं दिवाळीच्या तोंडावर बघणं

नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. आता पंचांग बघा. गणेश चतुर्थी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) हे अंतर जवळजवळ 60 दिवसांचंच असतं. म्हणजे लाभपाचमेच्या प्रवासाचं आरक्षण उघडतं ते घरात गणपती बसवायच्या गडबडीत. मोदकांचं सारण परतायच्या आधी कुणी तरी मोबाइल घेऊन बसायलाच हवं. भावंडांत आधीच ठरवून ठेवा, आरती कोण सांगणार आणि तिकीट कोण काढणार.

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ हवी तर पूर्ण भाडं पडतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या वसई-कल्याणवरून लोणावळ्याकडे चढतात, त्यामुळे पुण्यात उतरायची सोय असेल तर मुंबईत गाडी बदलावी लागत नाही.

दिवस निवडताना लक्ष्मीपूजन ते भाऊबीज हे दिवस आणि त्यानंतरचा शनिवार-रविवार टाळा. तेव्हा मुंबई-पुण्याचीही घरं सुट्टीवर असतात. मंगळवार-बुधवार मिळाला तर उत्तम.

आणि रात्रभर गाडीत जागून तसंच सकाळी पार्कात शिरू नका. एक दिवसाचा मुक्काम वाचला असं वाटतं, पण दुपारी दोनला लहानगी कुणाच्या तरी खांद्यावर झोपून जाते आणि तिकिटाचे पैसे तिच्याबरोबर झोपतात. आदल्या दिवशी पोचा, आत्याकडे वरण-भात खा आणि लवकर निजा.

पायांचा आणि पोटाचा विचार न करणं

बडोद्याच्या मुलांच्या पायांची काळजी नको, नऊ रात्री गरबा खेळलेली असतात. काळजी असते ती चपलांची. दिवाळीत घेतलेले नवे सँडल त्याच दिवशी पहिल्यांदा घालून निघालं की दुपारपर्यंत टाचेला फोड येतो. वापरून सैल झालेले, पट्ट्याचे किंवा लेसचे बूट घाला. पाय लोंबणाऱ्या राइडवर साध्या चपला काढूनच ठेवाव्या लागतात.

वॉटर पार्कही करायचा असेल तर नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरूनच न्या. सुती कपड्यांवर तिथं सहसा बंदी असते, कारण त्यांचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात.

ठेपले, लिलो चिवडो, भाकरवडी गाडीत खुशाल उघडा. पार्कात बहुधा बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, तेव्हा आतल्या जेवणाचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. बाळाचं खाणं आणि औषधं मात्र जवळ हवीतच. पोटभर जेवून लगेच गोल फिरणाऱ्या राइडवर जाऊ नका. ज्याला घाटात उलटी होते त्याला तिथंही होणार, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवा.

आजी-आजोबांना सामान सांभाळायला बसवणं

हे बघितलं की फार वाईट वाटतं. आजोबा बाकावर, दोन्ही बाजूंना पिशव्या, दिवसभर. सामानासाठी लॉकर असतात, ते घ्या. आय फॉर इंडियासारख्या राइडवर मोठ्या पडद्यासमोर बसून देशभर उडत फिरल्यासारखं वाटतं, तिथं नातवंडांच्या शेजारी त्यांना बसवा. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचा त्रास असेल तर फलकावरच्या सूचना आधी वाचा. आजोबांना रात्री निवांत विचारा, "नाना, तुम्हाला काय बघायचंय?" त्यांचं उत्तरही साखळीतल्या एका कडीत लिहा.

तिथं गेल्यावर अडलंच तर

हवी ती राइड बंद आहे: दुरुस्तीसाठी किंवा जोराच्या पावसात राइड्स थांबवतात. मुलाला खोटं सांगू नका. आत शिरताच कुठली बंद आहे ते विचारा आणि दोन पर्याय त्याच्यापुढे ठेवा. निवड त्याची.

रांगेत आयत्या वेळी मूल घाबरलं: "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. एक मोठं माणूस त्याला घेऊन बाजूला व्हावं, बाकीच्यांनी बसून यावं. खाली उभं राहून दोन-तीन फेऱ्या बघितल्या की बरीच मुलं आपणहून "आता मी" म्हणतात. नाही म्हटलं तरी चालतं.

मोबाइलची बॅटरी संपली आणि सगळे पांगले: फोनच्या भरवशावर राहू नका. आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच, मुलांनाही लांबून ओळखता येईल अशी एक जागा ठरवा आणि दुपारी व संध्याकाळी तिथं भेटायची वेळ बांधून घ्या. लहान मुलांच्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन मोठ्यांचे मोबाइल नंबर बॉलपेनने लिहा. वॉटर पार्कात ते पुसले जातात, म्हणून बाहेर आल्यावर पुन्हा लिहा. हरवल्यासारखं वाटलं तर इकडेतिकडे धावायचं नाही, पार्कचा गणवेश घातलेल्या काकांना किंवा मावशींना हात दाखवायचा, एवढं मुलांकडून घरी दोनदा म्हणवून घ्या.