लिनक्सवर वेगळं साउंड कार्ड: क्रमांक सोडा, नाव धरा

कार्ड स्लॉटमध्ये बसवणं आणि स्क्रू आवळणं तुम्हाला येतं असं धरतो. एक वायर मात्र बहुतेकांची राहून जाते. कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन जॅकची वायर मदरबोर्डला जोडलेली असते. ती काढून नव्या कार्डावरच्या पिनांवर लावा, नाहीतर पुढच्या जॅकमधून मदरबोर्डवरच्या जुन्याच चिपचा आवाज येत राहील. कार्डावर तशा पिना नसतील तर हेडफोन सरळ मागे लावा.

ड्रायव्हर शोधत फिरू नका. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि अल्सा म्हणजे साउंड कार्ड चालवणारी त्याची यंत्रणा. कर्नल २.६ पासून अल्सा हा कर्नलचाच भाग आहे आणि चालणाऱ्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर त्यातच येतात. असूसच्या झोनार मालिकेतल्या बऱ्याच कार्डांना व्हर्च्युओसो नावाचा ड्रायव्हर लागतो, क्रिएटिव्हच्या ऑडिजीला ईएमयू१०के१, एक्स-फायला सीटीएक्सएफआय. यूएसबीवाली बहुतेक कार्डं तर ठरलेल्या प्रमाणभाषेतच बोलतात, त्यांना निराळं काही लागत नाही. कुठेतरी एखादी जुनी ड्रायव्हरची झिप फाइल सापडली तर ती तशीच राहू द्या.

आता टर्मिनलमध्ये 'एप्ले' हा आदेश डॅश आणि छोटा एल लावून चालवा. नवं कार्ड यादीत दिसलं की हा टप्पा संपला. एकाऐवजी तीन कार्डं दिसणं नेहमीचंच आहे: एक मदरबोर्डची चिप, एक ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय आवाज, आणि तिसरं तुमचं.

खरी अडचण इथून पुढे आहे. कार्ड दिसतं, गाणं वाजतंय असं प्लेयर दाखवतो, आणि स्पीकर गप्प. मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर घालवला आहे, आणि सगळ्यात वाईट सल्ले मिळतात तेही इथेच.

पहिला वाईट सल्ला: 'असाउंड.कॉन्फ' या अल्साच्या सेटिंग फाइलमध्ये कार्ड १ हे डिफॉल्ट म्हणून लिहा. कार्डाचा क्रमांक ही कायमची गोष्ट नाही. मशीन सुरू होताना ज्याचा ड्रायव्हर आधी जागा होतो त्याला शून्य मिळतो, पुढच्याला एक. आज जे कार्ड १ आहे ते कर्नलच्या अपडेटनंतर किंवा एक वेबकॅम जोडल्यावर कार्ड २ होऊ शकतं, कारण वेबकॅमचा मायक्रोफोनसुद्धा अल्साच्या लेखी एक कार्डच असतो. मग काल चालणारा आवाज आज बंद पडतो आणि कारण सापडत नाही. कुठे लिहायचंच झालं तर कार्डाचं नाव लिहा. प्रॉक फोल्डरातल्या असाउंडमध्ये 'कार्ड्स' नावाची फाइल आहे. तिच्यात चौकटी कंसात दिसतं ते नाव.

दुसरा सल्ला याहून घातक आहे: एचडीए-इंटेल हे मॉड्यूल, म्हणजे मदरबोर्डच्या चिपचा ड्रायव्हर, ब्लॅकलिस्ट करा (सुरूच होऊ देऊ नका), म्हणजे ती चिप बंद होईल. होईल खरी, पण बहुतेक मशीनवर एचडीएमआयचा आवाजही त्याच मॉड्यूलवर चालतो, तोही जाईल. शिवाय साउंड ब्लास्टर झेड आणि एई-५ ही कार्डं आतून मदरबोर्डच्या चिपसारखी एचडीए प्रकारचीच आहेत. ती याच मॉड्यूलवर चालतात. ज्या कार्डासाठी हा खटाटोप केला तेच यादीतून गायब होतं आणि माणूस ते खराब निघालं म्हणून परत करायला निघतो. मदरबोर्डची चिप कधीच नको असेल तर ती बायोसमध्ये जाऊन बंद करा. तिथे ती एकटीच बंद होते.

बरोबर रस्ता काय, ते समजायला थर लक्षात घ्या. खाली अल्सा, जो हार्डवेअरशी बोलतो. त्याच्यावर पाइपवायर, जो सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करतो. फेडोराने तो २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून डिफॉल्ट केला, उबंटूने २२.१० पासून. कोणता आवाज कोणत्या कार्डाकडे जायचा हे त्याच्या जोडीचा वायरप्लंबर ठरवतो. म्हणून निवड या वरच्या थरातच करायची. खाली अल्साच्या फायलींत हात घातला की दोन थर एकमेकांशी भांडू लागतात.

'पाव्हूकंट्रोल' हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्राम बसवा. नाव पल्सऑडिओचं, म्हणजे पाइपवायरच्या आधीच्या थराचं असलं तरी पाइपवायरवर ते व्यवस्थित चालतं. शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबवर जा. प्रत्येक कार्डासमोर एक प्रोफाइल असतं. मदरबोर्डची चिप आणि एचडीएमआय यांपैकी जे वापरायचं नाही त्याचं प्रोफाइल 'ऑफ' करा. नव्या कार्डाला 'ॲनालॉग स्टीरिओ' द्या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: नव्या कार्डाचं प्रोफाइल डिजिटलवर असतं, आवाज ऑप्टिकल पोर्टमधून बाहेर जात असतो आणि स्पीकर लावलेले असतात ॲनालॉगला. 'प्रो ऑडिओ' प्रोफाइल नावाला भुलून निवडू नका. ते बऱ्याच चॅनेलच्या रेकॉर्डिंग इंटरफेससाठी आहे आणि त्यात कार्डाचा स्वतःचा व्हॉल्यूम मिक्सर बाजूला राहतो.

मग आउटपुट टॅबवर नवं कार्ड डिफॉल्ट करा. ही निवड नावाने साठवली जाते, त्यामुळे रीबूटनंतर टिकते. त्या नावात स्लॉटचा पत्ता असतो. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलंत तर निवड पुन्हा करावी लागेल. यातलं काहीही सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य खात्याच्या अधिकाराने करू नका. पाइपवायर तुमच्या खात्यात चालतो, रूटला तो दिसतच नाही.

तरीही शांतता असेल तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' हा अल्साचा व्हॉल्यूम मिक्सर उघडा आणि आधी एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. हे वगळलंत तर समोर दिसते ती पाइपवायरची एकच पट्टी. खऱ्या कार्डाच्या पट्ट्यांखाली 'एमएम' दिसलं तर ती पट्टी म्यूट आहे, एम दाबा. झोनारमध्ये 'ॲनालॉग आउटपुट' ही वेगळी निवड असते. ती हेडफोनवर असेल तर स्पीकरला काही मिळणार नाही.

आवाज नक्की कुठे जातोय याचा पुरावा हवा असेल तर गाणं चालू ठेवून प्रॉकमधल्या असाउंडमध्ये, तुमच्या कार्डाच्या फोल्डरात 'एचडब्ल्यू_पॅराम्स' फाइल उघडा. ती पीसीएम०पी या फोल्डरात, त्याखालच्या सब० फोल्डरात असते. कार्डाला एकाहून जास्त आउटपुट असतील तर इतर पीसीएम फोल्डरही बघा. तिथे 'क्लोज्ड' लिहिलेलं असेल तर आवाज त्या आउटपुटपर्यंत पोचतच नाही, म्हणजे चूक निवडीत आहे. आकडे दिसले तर निवड बरोबर आहे, मग मिक्सर आणि वायर तपासा. अंदाजाने दहा सेटिंग बदलण्याआधी ही एक फाइल वाचा.

त्याच फाइलमध्ये सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने जातात तो आकडा दिसतो. पाइपवायर मुळात सगळं ४८००० हर्ट्झवर नेतो, सीडीचं ४४१०० सुद्धा. कार्डाला दोन्ही झेपत असतील तर पाइपवायरच्या सेटिंगमध्ये 'अलाउड-रेट्स'मध्ये ४४१०० आणि ४८००० दोन्ही लिहा. रेट बदलतो तो दुसरं काही वाजत नसतानाच. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असेल तर आधी तो थांबवा.

गाणं थांबल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येत असेल तर कार्ड बिघडलेलं आहे असं लगेच मानू नका. वायरप्लंबर रिकामं कार्ड झोपवतो, त्याचा तो आवाज असू शकतो. वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये त्या कार्डासाठी सस्पेंडची वेळ शून्य करा, म्हणजे तो झोपवणं सोडेल. कार्ड एचडीए-इंटेलवर चालणारं असेल तर त्या मॉड्यूलचा 'पॉवर-सेव्ह'ही शून्य करावा लागतो.