स्मिता पाटीलचे तीन सिनेमे गावात दाखवायचे असतील तर

वाचनालयात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये स्मिताचे सिनेमे दाखवायचे ठरले की यादी हमखास सालवार लागते. तसं करू नका. पहिल्याच दिवशी 'निशांत' (१९७५) लावला तर दुसऱ्या दिवशी निम्मा हॉल रिकामा. सुरुवात शेवटाकडून करा. १७ ऑक्टोबरला तिचा जन्मदिवस असतो, पण तेव्हा परतीचा पाऊस आणि पुढे भाताची कापणी. त्यापेक्षा १३ डिसेंबरचा स्मृतिदिन बरा.

पहिला 'मिर्च मसाला' (१९८७). संकेश्वरी मिरचीच्या मुलखात कांडपाचा ठसका कुणाला समजवावा लागत नाही, आणि निपाणीकडे बिड्या वळलेल्या, वखारीत तंबाखू निवडलेल्या बायकांना यातला मिरची कुटायचा कारखाना परका वाटायचा नाही. सोनबाई (स्मिता) मागे लागलेल्या सुभेदाराच्या थोबाडीत देते तिथे टाळ्या पडतातच. खरं काम त्यानंतर आहे. ती कारखान्यात लपते, फाटक लागतं, आणि मग तिच्या वाट्याला संवाद थोडे. आतल्याच काही बायका तिला बोल लावतात, ती ऐकून घेते. त्या वेळी तिची मान आणि खांदे बघायला सांगा.

दुसरा 'मंथन' (१९७६). गोष्ट गुजरातमधल्या दूध सहकारी संस्थेची, पण डेअरीला दूध घालणाऱ्या घरांना फॅटवर दुधाचा भाव ठरण्याचं राजकारण पाठ असतं. पाच लाख शेतकऱ्यांनी २-२ रुपये घालून हा सिनेमा उभा केला, हे आधी सांगा. गिरीश कार्नाड आहेत म्हटल्यावर कन्नड शेजारीही येतील. प्रत मागताना २०२४ साली फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवलेली, नव्याने दुरुस्त केलेली मागा.

'भूमिका' (१९७७) शेवटीच. नटी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला, स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार देणारा. यात काळ मागेपुढे होतो, चित्र मध्येच कृष्णधवल होतं आणि कुणीतरी 'रंग गेला, मशीन बघा' म्हणून उठतो. म्हणून दोन वाक्यांत आधीच सांगून ठेवा. अल्लड पोरीपासून थकलेल्या नटीपर्यंत सगळं वय तिने एकटीने पेललंय. मेकअपपेक्षा चाल बघा.

परवानगी महिनाभर आधी, हक्कधारकाकडून, लेखी घ्या. घरच्या ओटीटी खात्यावरून जाहीर खेळ करता येत नाही.

८ फूट रुंद पडद्याला ३००० ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर पुरतो, मात्र अंधार पडल्यावर. साध्या प्रोजेक्टरला त्यासाठी साधारण १२ फूट अंतर लागतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर ठेवा, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. पत्र्याखाली आवाज घुमतो आणि 'भूमिका'तले हळू संवाद तर पार बुडतात: खाली जमखाने अंथरा, मागच्या भिंतीला घोंगडी टांगा, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यांच्या थोडं वर लावा. आवाज वाढवून हे सुटत नाही.

दिव्याचा (एलईडी किंवा लेसरचा नव्हे, आत तापणारा बल्ब असलेला) प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस लावाच. लाईट गेली की त्यावर सिनेमा चालत नाही, पण आतला पंखा चालू राहून दिवा नीट थंड होतो. गरम दिवा झटक्यात बंद पडला तर लवकर जातो, आणि भाड्याच्या मशीनचा दिवा मंडळाच्याच खर्चात धरतात.