गॅस ॲनालायझर वॉर्निंग देतोय? आधी लाइन तपासा, कॅलिब्रेशन नंतर

वॉर्निंग आली की ठाऊक प्रमाणाच्या गॅसचा सिलिंडर जोडा आणि कॅलिब्रेशन मारा, म्हणजे यंत्राचा आकडा त्या गॅसशी जुळवून घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक वेळा तोच नडतो. धुराड्यातला गॅस खेचून, गाळून, थंड करून मोजणाऱ्या यंत्रणेत दोष सहसा ॲनालायझरच्या पोटात नसतो. तो प्रोब (धुराड्यातून गॅस घेणारी नळी) ते पंप या टप्प्यात कुठेतरी असतो.

कंट्रोल रूमला कळवा, यंत्र मेंटेनन्स मोडवर टाका, इंटरलॉक (रीडिंगवरून प्लांट आपोआप थांबवणारी सुरक्षा जोडणी) असेल तर तो रीतसर बायपास करून घ्या. रिसेट मात्र इतक्यात दाबू नका. आधी लॉग उघडून सगळ्यात जुना मेसेज वाचा. कूलर गरम झाला, ओलावा पुढे गेला, पंप बंद पडला, फ्लो कमी झाला, अशी साखळी असते आणि स्क्रीनवर शेवटचीच कडी दिसते. 4–20 मिलिॲम्पिअरच्या आउटपुटवर 3.6 किंवा त्याखाली, नाहीतर 21 किंवा त्यावर आकडा असेल, तर नामूर (NAMUR) या उद्योगातल्या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या संकेतानुसार तो फॉल्ट आहे. ते रीडिंग समजून हिशेबात धरू नका.

यंत्र नुकतेच सुरू केले असेल आणि तापमानाची वॉर्निंग असेल, तर वॉर्म-अप होईपर्यंत थांबा. कूलर साधारण 5 अंश सेल्सिअसवर राहत नसेल, तर पंखा आणि फिन साफ करा. कूलर टाळून गॅस पुढे सोडायचा नाहीच: पाण्याची वाफही इन्फ्रारेड शोषते, त्यामुळे रीडिंग चुकते आणि सेल, म्हणजे मोजणीचा कप्पाही खराब होतो. फ्लो कमी असेल तर फिल्टर बदला, तरीही कमीच राहिला तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बघा.

खरी डोकेदुखी गळतीची. पंपाच्या आधीची लाइन निर्वातात असते, म्हणून तिथल्या फटीतून गॅस बाहेर येत नाही, हवा आत शिरते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधणे इथे निरर्थक. फ्लोही व्यवस्थित दिसतो. फक्त ऑक्सिजन वाढतो आणि बाकीचे सगळे घटतात. गॅसमध्ये 5 टक्के ऑक्सिजन आणि 12 टक्के कार्बन डायऑक्साइड असेल आणि 10 टक्के हवा मिसळली, तर यंत्र 6.6 आणि 10.8 दाखवेल. दोन्ही आकडे पटण्यासारखे, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. सिलिंडर थेट ॲनालायझरला जोडला तर कॅलिब्रेशन उत्तम येणार, कारण गळकी लाइन वाटेत येतच नाही.

म्हणून नायट्रोजन प्रोबच्या तोंडाशी द्या: त्यात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे जो दिसेल तो हवेतून शिरलेला. पण दाबाने देऊ नका. दाब दिला की फटीतून नायट्रोजनच बाहेर जातो आणि गळती लपते. बरेच जण नेमके इथेच फसतात. टी-जोड लावा, एक तोंड उघडे ठेवा, पंप मिनिटाला 1 लिटर खेचत असेल तर 2 लिटर सोडा आणि उघड्या तोंडातून नायट्रोजन सतत बाहेर पडतोय याची खात्री करा. जागा हवेशीर हवी. रीडिंग स्थिरावले की ऑक्सिजनच्या आकड्याला 20.9 ने भागा: 2.1 दिसला तर सुमारे दहावा हिस्सा हवाच आहे.

आता जागा शोधायची. तेच नायट्रोजन फिल्टरनंतर द्या, मग कूलरनंतर. ज्या टप्प्यावर ऑक्सिजन शून्यावर येतो, त्याच्या लगेच आधीचा भाग गळका. फिल्टर नुकताच बदललेला असेल तर हाउसिंगची ओ-रिंग (हवाबंद करणारी रबरी कडी) आधी काढून बघा. तिरकी बसलेली रिंग बोटाला लगेच जाणवते. दुसरी संशयित जागा म्हणजे कूलरमध्ये साठलेले पाणी (कंडेन्सेट) काढणाऱ्या पेरिस्टाल्टिक पंपाची, म्हणजे रोलरने नळी दाबत पाणी ढकलणाऱ्या पंपाची नळी. रोलरखाली ती चपटी आणि चिरलेली असेल तर पाणी बाहेर जात राहते आणि त्याच वाटेने हवा आत येते. नळी चिकटवायच्या फंदात पडू नका, बदला.

लाइन शून्य दाखवू लागली की मगच कॅलिब्रेशन. सिलिंडरच्या प्रमाणपत्राची मुदत बघा, रेग्युलेटर गॅसने धुऊन घ्या, व्हेंट (मोजलेला गॅस बाहेर सोडणारी वाट) मोकळा आहे ना ते तपासा. तो तुंबला तर सेलमधला दाब वाढून रीडिंग फुगते. एवढे करूनही टॉलरन्सची, म्हणजे फरक मर्यादेबाहेर असल्याची वॉर्निंग आली तर 'तरीही स्वीकारा' हे बटण दाबायचे नाही. इलेक्ट्रोकेमिकल ऑक्सिजन सेल (रासायनिक क्रियेने ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) हवेवर 20.9 धरत नसेल, तर तो संपलाय. नवा बसवा आणि त्याला स्थिरावायला वेळ द्या.