समोरच्या काळपट दाताचं मी काय केलं

रूट कॅनाल झालेला माझा समोरचा दात हळूहळू करडा पडत गेला. व्हिनियर (दातावर पुढून चिकटवायचं पोर्सिलेनचं पातळ कवच) बसवायचं मनात होतं, पण त्यासाठी इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, साधारण 0.5 मिमी घासावं लागतं आणि ते परत येत नाही. शिवाय पातळ पोर्सिलेनमधून काळपटपणा डोकावतो. म्हणून आधी दाताच्या आतून ब्लीचिंग करून घेतलं; रंग बराच उजळला. कडेचा टवका कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) भरायला मुद्दाम दोन आठवडे थांबलो, कारण ब्लीचनंतर लगेच कंपोझिट नीट चिकटत नाही. कंपोझिटची शेड, म्हणजे रंगछटा, मात्र खिडकीपाशी, दात ओला असतानाच जुळवून घ्या! कोरडा पडला की तो जास्त पांढरा दिसतो आणि शेड हमखास चुकते. कंपोझिटवर डाग चढतात, अधूनमधून पॉलिश लागतं. पुढे दात पुन्हा काळवंडला, तर व्हिनियरचा रस्ता मोकळा आहेच.